ॲमस्टरडॅमच्या वकील, हेगचे संसदगृह : फ्रीडा काट्स यांच्या कारकिर्दीविषयी काही शंका

गोदाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये गेली अठरा वर्षे दिवाणी बाजूची वकिली करते. आम्हा काही वकिलांचा एक लहानसा वाचनगट आहे आणि दर महिन्याला कोणीतरी एकाने एक विषय मांडायचा असा आमचा शिरस्ता आहे. या महिन्याची पाळी माझी आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म आमच्या नाशिकचाच, १८६६ सालचा, त्यामुळे त्यांच्यावर आमच्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. त्यांच्या पुढच्या पिढीतील, पण दुसऱ्या देशातील एखादी स्त्री वकील घ्यावी असे मनात होते, आणि शोधता शोधता मी नेदरलँड्सच्या फ्रीडा काट्स यांच्यापाशी येऊन थांबले.

मला जे समजले ते थोडक्यात असे. काट्स यांचा जन्म १८८५ सालचा, ॲमस्टरडॅमचा. तेथेच त्यांनी वकिली केली. १९२२ मध्ये त्या ख्रिश्चन हिस्टॉरिकल युनियन या प्रोटेस्टंट पक्षाच्या वतीने संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या, त्या पक्षाच्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या आणि १९४१ पर्यंत सदस्य राहिल्या. त्यांचे निधन १९६३ मध्ये झाले.

माझी अडचण अशी आहे की त्या काळच्या डच ख्रिस्ती पक्षांविषयी जे वाचावे त्यात हे पक्ष स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरोधात होते, घर हेच स्त्रीचे क्षेत्र मानत होते, असेच सांगितलेले असते. मग त्यांच्यातल्याच एका पक्षाने एका अविवाहित, कमावत्या, न्यायालयात उभ्या राहणाऱ्या बाईंना आपल्या यादीत जागा का दिली? दुसरी शंका अशी की त्यांच्या वकील असण्याचा या वाटचालीत नेमका वाटा किती होता? आणि तिसरी, काही ठिकाणी त्यांना सरळ ‘ख्रिश्चन डेमोक्रॅट’ म्हटले आहे, ते बरोबर धरावे काय?

हा विषय माझ्या मनाला लागण्याचे एक कारण सांगते. मागच्या वर्षी माझ्या एका पक्षकार बाईंनी स्वतःच्या नावावरच्या दुकानासाठी कर्ज मागितले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने कागद चाळून ‘मिस्टरांची सही राहिली आहे’ असे सांगितले. कायद्याने तशी सही लागत नव्हती, आणि आम्ही ती दिलीही नाही. परंतु ज्या देशात अशी सही कायद्यानेच लागत असे, तिथे एखादी स्त्री वकिली कशी करत असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.


पोल्डर_पथिक

गोदाकाठताई, मी हेगमध्ये बरीच वर्षे राहतो आणि डच राजकीय इतिहासाचे वाचन हा माझा जुना छंद आहे. आपल्या पहिल्या शंकेबद्दल लिहितो.

आधी एक गाठ सोडवली पाहिजे. ‘ख्रिस्ती पक्ष’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्या वेळी तिथे निदान चार निरनिराळे पक्ष होते आणि स्त्रियांच्या प्रश्नावर त्यांची तोंडे चार दिशांना होती. १८७९ मध्ये आब्राहाम कायपर यांनी उभा केलेला अँटी-रिव्होल्यूशनरी पक्ष सर्वांत शिस्तबद्ध होता. या नावातील ‘रिव्होल्यूशन’ म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती, आणि तिने आणलेल्या ‘मनुष्य हाच सार्वभौम’ या विचाराला त्यांचा विरोध होता. कायपर यांच्या मते मत हे सुट्या व्यक्तीचे नसून कुटुंबाचे असते आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यायचे असते. १९१८ मध्ये स्थापन झालेला, पाद्री केर्स्टन यांच्या नेतृत्वाखालील राजकीय सुधारित पक्ष तर स्त्रियांनी मत देणे हेच बायबलविरोधी मानत असे. कॅथलिकांचा पक्ष मतांच्या संख्येचा हिशेब जाणणारा होता. या सगळ्यांच्या मध्ये, १९०८ मध्ये डे साव्होर्निन लोमान यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेली ख्रिश्चन हिस्टॉरिकल युनियन होती. पक्षाने आदेश काढावा आणि सर्वांनी हात वर करावेत, ही रीत या पक्षाला मान्य नव्हती. प्रत्येक सदस्याने आपापल्या सदसद्विवेकाने मत द्यावे अशी त्यांची धारणा होती, आणि त्यापायी हा पक्ष सैल, बेभरवशाचा म्हणून ओळखला जाई. माझे स्वतःचे मत असे आहे की काट्स यांच्यासारख्या व्यक्तीला जागा मिळाली ती या सैलपणातच. कायपर यांच्या पक्षात ती मिळालीच नसती. त्या पक्षाच्या पहिल्या स्त्री खासदार, जॅकलीन रुटगर्स, सभागृहात आल्या त्या १९६३ मध्ये. म्हणजे काट्स यांच्यानंतर तब्बल एकेचाळीस वर्षांनी, आणि योगायोगाने काट्स वारल्या त्याच वर्षी.

आता १९२२ च कसे, हे पाहू. १९१७ च्या घटनादुरुस्तीने सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला आणि स्त्रियांना निवडून येण्याचा हक्क मिळाला, मात्र मत देण्याचा हक्क मिळाला नाही. म्हणजे स्त्रीला उमेदवार होता येत होते, पण स्वतःलाही मत देता येत नव्हते! या विचित्र अवस्थेत १९१८ साली समाजवादी पक्षाच्या सुझे ग्रूनवेख या शिक्षिका पहिल्या स्त्री खासदार झाल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये समाजवादी नेते ट्रूल्स्ट्रा यांनी क्रांतीची हाक दिली आणि ती फसली. त्या आठवड्यात धार्मिक पक्षांच्या ध्यानात आले की चर्चला जाणाऱ्या लाखो बायका या क्रांतीविरुद्धचा सर्वांत भक्कम बांध ठरू शकतात. १९१९ मध्ये उदारमतवादी मार्शांट यांचे विधेयक मंजूर होऊन स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्यामागे चळवळीची कित्येक वर्षांची झीज तर होतीच, पण ही भीतीही होती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नसते. १९१७ पासून १९७० पर्यंत नेदरलँड्समध्ये मतदान केंद्रावर हजर राहणे सक्तीचे होते आणि गैरहजर राहणारास दंड होई. १९२२ च्या निवडणुकीत स्त्रिया पहिल्यांदा मत देणार होत्या आणि त्यांना जावेच लागणार होते. ज्या धार्मिक घरांत ‘आमच्या बायका असल्या भानगडीत पडत नाहीत’ असे म्हटले जाई, त्या घरांतील बायकाही रांगेत उभ्या राहणार होत्या. अशा वेळी यादीत एकही स्त्री नसणे युनियनला परवडणारे नव्हते, आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे मतदारसंघाऐवजी यादीतून निवडून येता येत असल्याने, एका स्त्रीला वर घेण्यासाठी कोण्या स्थानिक पुढाऱ्याला बाजूला सारण्याचीही गरज नव्हती. निकाल पाहा. शंभर जागांच्या सभागृहात कॅथलिक ३० वरून ३२ वर, अँटी-रिव्होल्यूशनरी १३ वरून १६ वर, आणि युनियन ७ वरून ११ वर गेली. समाजवादी २२ वरून २० वर आले. म्हणजे या तीन पक्षांच्या मिळून ५० च्या ५९ झाल्या, आणि त्या वाढीत स्त्री मतदारांचा हात होता असे मी समजतो.

त्या वर्षी सात स्त्रिया सभागृहात आल्या. त्यांपैकी तिघी कायद्याच्या पदवीधर होत्या : काट्स, उदारमतवादी लिझी फान डोर्प आणि फ्रायसिनिख डेमोक्रॅट पक्षाच्या बेट्सी बाकर-नोर्ट. सातांत तीन! आपल्या दुसऱ्या शंकेचे अर्धे उत्तर या आकड्यातच आहे, बाकीचे ‘जुनेकायदे’ यांनी लिहावे.


जुनेकायदे

पोल्डर_पथिक यांनी बोलावलेच आहे, तर लिहितो. मी निवृत्त अध्यापक आहे आणि तुलनात्मक कौटुंबिक कायदा हा माझा शिकवण्याचा विषय होता.

प्रथम ‘वकील’ या शब्दाविषयी, कारण इथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते. डच कागदपत्रांत या बायकांच्या नावाआधी ‘एमआर’ अशी दोन अक्षरे छापलेली दिसतात. माझ्या एका विद्यार्थिनीने ती ‘मिस्टर’ समजून, हे सगळे पुरुषच होते असा निष्कर्ष काढून निबंध लिहून आणला होता. ती अक्षरे ‘मेस्टर’ची, म्हणजे कायद्याची पदवी घेतलेल्या व्यक्तीची आहेत. पदवी घेऊन कोणी सनदी नोकरीत जाई, कोणी विद्यापीठात. न्यायालयात शपथ घेऊन, काळा झगा आणि गळ्याला पांढरी पट्टी (आपल्याकडच्या बँडचीच ती सख्खी बहीण) लावून उभा राहणारा तो ‘ॲडव्होकाट’. काट्स या दोन्ही होत्या. नेदरलँड्समध्ये हा झगा पहिल्यांदा एका स्त्रीने, ॲडॉल्फिन कोक यांनी, १९०३ मध्ये चढवला. ताईंच्या सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, तरी हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीचे दार कायद्याने उघडले ते १९२३ च्या अधिनियमाने. या बाबतीत डच बायका वीस वर्षे पुढे होत्या.

पण त्या दाराच्या आत भिंती होत्या. वकील होता येत होते, न्यायाधीश होता येत नव्हते. पहिल्या डच स्त्री न्यायाधीश, योहाना हुडिख, नेमल्या गेल्या त्या १९४७ मध्ये. म्हणजे काट्स यांच्या बरोबरीने शिकलेला पुरुष न्यायालयातच वर चढत जाऊ शकत होता, काट्स मात्र वकिलीच्या पायरीवरून न्यायासनाकडे जाऊ शकत नव्हत्या. कायदा जाणणाऱ्या महत्त्वाकांक्षी स्त्रीपुढे मग उरते ते कायदेमंडळ. सातांपैकी तिघी कायद्याच्या पदवीधर का, याचे माझ्या दृष्टीने हेच स्पष्टीकरण आहे. ज्या घरात न्यायनिवाडा करू देत नव्हते, त्या घराचे नियम जिथे लिहिले जातात तिथे त्या गेल्या.

आता विवाहाचा प्रश्न, जो ताईंनी पक्षकार बाईंच्या निमित्ताने काढला आहे. १८३८ च्या डच दिवाणी संहितेनुसार विवाह होताच स्त्रीची कायदेशीर कृती करण्याची क्षमता जात असे. अज्ञान मुलाच्या शेजारी तिला बसवलेले होते. पतीच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नसे, मालमत्ता विकता येत नसे, स्वतःच्या दाव्यात पतीच्या साहाय्याशिवाय उभे राहता येत नसे. रोजच्या घरखर्चापुरती, म्हणजे पाव, दूध, कोळसा यांच्या खरेदीपुरती, पतीची संमती गृहीत धरलेली असे. त्यापुढचे, उदाहरणार्थ शिवणयंत्र हप्त्याने घ्यायचे झाले, तर दुकानदार सहीसाठी नवऱ्याला विचारणारच. ताईंच्या पक्षकार बाईंना जे एका अधिकाऱ्याच्या सवयीने ऐकावे लागले, ते तिथे छापील कलम होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अविवाहित स्त्री वकील पूर्ण सक्षम होती. ती पक्षकाराशी करार करू शकत होती, कचेरी भाड्याने घेऊ शकत होती. तिने लग्न केले की दुसऱ्या दिवशी ती इतरांची बाजू मांडायला मोकळी, पण स्वतःच्या नावाने कागदावर सही करायला बांधलेली. बेट्सी बाकर-नोर्ट या विवाहित होत्या आणि वकीलही. त्यांनी १९१४ मध्ये विवाहित स्त्रीच्या कायदेशीर स्थितीवरच प्रबंध लिहिला, आणि तो त्या स्वतःविषयीही लिहीत होत्या, हे विसरून तो वाचता येत नाही. फ्रीडा काट्स यांनी वकिली केली आणि राजकारणात पहिली पंधरा-एक वर्षे काढली ती अविवाहित राहून. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मॅके या सरदार घराण्यातील बॅरनशी विवाह केला. त्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही, कारण माणसाच्या विवाहाला कारणे अनेक असतात. पण कायद्याने अविवाहित स्त्रीला जे दिले होते, त्याच्या आधाराने ही कारकीर्द उभी राहिली, इतके निश्चित म्हणता येते.

आणि काट्स यांचा स्वतःचा राजकीय पक्ष कुठे होता? १९२४ मध्ये रुईस डे बेरेनब्रुक यांच्या सरकारने असा आदेश काढला की पंचेचाळीस वर्षांखालील स्त्री सरकारी नोकराने विवाह केल्यास तिला कामावरून कमी केले जाईल. या सरकारमध्ये ख्रिश्चन हिस्टॉरिकल युनियन सामील होती. काट्स तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, सत्ताधारी बाजूच्या बाकांवर होत्या. खासदार ही नोकरी नसल्याने तो आदेश त्यांना लागू नव्हता, पण वर्गात शिकवणाऱ्या, टपाल कचेरीत बसणाऱ्या त्यांच्या वयाच्या हजारो बायकांच्या मानेवर तो होता. १९३७ मध्ये कॅथलिक मंत्री रोमे यांनी त्याच्याही पुढे जाऊन विवाहित स्त्रियांच्या एकूणच पगारी कामावर बंदी आणणारा मसुदा तयार केला. त्याला देशभर एवढा विरोध झाला की तो कायदा झाला नाही. या दोन तारखा समोर ठेवल्याखेरीज ख्रिस्ती पक्षातील स्त्री वकिलाची कारकीर्द समजत नाही. पक्षाने एकीला वर घेतले, आणि त्याच पक्षाचा सहभाग असलेल्या सरकारने पुष्कळजणींना घरी पाठवले. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

विवाहित स्त्रीची अक्षमता गेली कधी? १९५५ च्या सप्टेंबरमध्ये मजूर पक्षाच्या कॉरी टेंडेलू यांचा, विवाह केल्याबद्दल स्त्रियांना नोकरीवरून काढू नये असे सांगणारा ठराव ४६ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झाला. टेंडेलू याही वकीलच. पुढच्या वर्षी न्यायमंत्री फान ओव्हन यांचा कायदा आला आणि १ जानेवारी १९५७ पासून विवाहित डच स्त्री कायद्याच्या दृष्टीने सज्ञान झाली. टेंडेलू ऑक्टोबर १९५६ मध्येच वारल्या होत्या, त्यांना तो दिवस दिसला नाही. काट्स मात्र तेव्हा हयात होत्या, विवाहित होत्या आणि एकाहत्तर वर्षांच्या होत्या.


गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ‘एकाहत्तर वर्षांच्या होत्या’ या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. ज्या बाईंनी एकोणीस वर्षे देशाचे कायदे संमत केले, त्यांना स्वतःच्या विवाहानंतर करारावर सही करण्याची मोकळीक एकाहत्तराव्या वर्षी मिळाली, हे आमच्या गटात मांडताना माझा आवाज स्थिर राहील की नाही, शंका आहे.

एक विचारू का? पोल्डर_पथिक, आपण हेगमध्येच आहात, तर त्या ज्या सभागृहात बसत ते आपण पाहिले आहे काय? आणि तिसरी शंका अजून राहिली आहे.


पोल्डर_पथिक

पाहिले आहे. बिनेनहॉफ हा संसदेचा जुना परिसर २०२१ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, पण मी त्याआधी तिथे गेलो होतो. कनिष्ठ सभागृह १९९२ मध्ये नव्या इमारतीत गेले, त्यापूर्वी ते जिथे भरे ती जागा मुळात पाचवा विल्यम या स्टाडहाऊडरची, म्हणजे तेव्हाच्या राज्यप्रमुखाची, नृत्यशाला. सभागृह म्हणून ती फार लहान वाटते. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या नगर वाचनालयाचा दिवाणखाना डोळ्यांपुढे आणा, वर सज्जा, खाली दाटीवाटीने हिरव्या बैठकीची बाके. डच भाषेत ‘हिरवी बाके’ म्हणजे संसद, असा वाक्प्रचारच आहे. शंभर माणसे तिथे खांद्याला खांदा लावून बसत असणार. त्या शंभरांत सात स्त्रिया म्हणजे कुठल्याही बाकावर बसले तरी दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, पुरुषच. हे आकड्यात जेवढे कळते त्यापेक्षा ती जागा पाहून अधिक कळते.

१९२५ च्या ११ नोव्हेंबरची रात्र याच दालनातली. पाद्री केर्स्टन यांनी, पोपच्या दरबारातील डच वकिलातीचा खर्च रद्द करावा अशी दुरुस्ती मांडली, आणि काट्स यांच्या पक्षाने, सरकारमध्ये कॅथलिकांबरोबर बसलेला असूनही, तिच्या बाजूने मत दिले. कॅथलिक मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि कोलाइन यांचे सरकार पडले. मी वर ‘सैलपणा’ म्हटले त्याची ही दुसरी बाजू. एका स्त्री वकिलाला जागा देणारा हाच पक्ष, प्रोटेस्टंट भावनेपोटी स्वतःचे सरकारही पाडू शकत होता.

त्या सात जणींतील इतर दोघी कायदेपंडितांचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाकर-नोर्ट १९३३ मध्ये जर्मन संसदेच्या आगीची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय मंडळावर होत्या. त्या ज्यू होत्या. जर्मनीने नेदरलँड्स ताब्यात घेतले असताना त्यांना टेरेझीनश्टाटच्या छावणीत पाठवले गेले. त्या जिवंत परतल्या आणि १९४६ मध्ये वारल्या. लिझी फान डोर्प १९४५ च्या सप्टेंबरमध्ये जावा बेटावरील जपानी छावणीत वारल्या, युद्ध संपून महिनाही झाला नव्हता.


संसदपट

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. तिसऱ्या शंकेबाबत माझे मत ठाम आहे. फ्रीडा काट्स यांना ‘ख्रिश्चन डेमोक्रॅट’ हा शब्द लावायचा असेल तर खुलासा करूनच लावावा. आज आपण ज्याला सीडीए म्हणतो तो ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष कॅथलिक पक्ष, अँटी-रिव्होल्यूशनरी पक्ष आणि ख्रिश्चन हिस्टॉरिकल युनियन यांच्या विलीनीकरणातून ११ ऑक्टोबर १९८० रोजी जन्मला. १९७७ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एकत्र यादी दिली. काट्स यांना जाऊन १९८० पर्यंत सतरा वर्षे लोटली होती. काट्स या सीडीएच्या पूर्वज आहेत, सदस्य नव्हेत. कॅथलिकांबरोबर एकाच पक्षात बसण्याची कल्पना १९२५ च्या त्या रात्री त्या बाकांवरच्या कोणाला मानवली असती असे मला वाटत नाही.

तरीही पूर्वज हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण धागा खरोखरच सापडतो. काट्स यांच्यानंतर युनियनच्या बाकांवर १९४५ पासून १९७१ पर्यंत व्हिट्टेवाल फान स्टुटवेखन या बसल्या. सरदार घराण्यातल्या अविवाहित स्त्रीला लावतात त्या उपाधीने सगळा देश त्यांना ‘फ्रॉयले’ म्हणत असे, आणि त्याही कायद्याच्या पदवीधर. कॅथलिक बाजूला मार्गा क्लॉम्पे १९५६ मध्ये देशाच्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या, मात्र त्या रसायनशास्त्राच्या.

पुढे खुद्द सीडीएमध्ये, प्रत्यक्ष वकिली करून राजकारणात आलेल्या बाईंचे नाव घ्यायचे तर मी व्हर्जिनी कोर्टे-फान हेमेल यांचे घेईन. १९७७ मध्ये त्या सभागृहात आल्या आणि १९८२ पासून १९८९ पर्यंत, पंतप्रधान लुबर्स यांच्या पहिल्या दोन्ही सरकारांत, न्याय खात्याच्या राज्यमंत्री होत्या. परदेशी नागरिकांचा प्रवेश हा विषय त्या खात्यात येई, आणि नेमक्या त्याच काळात श्रीलंकेतून तमिळ निर्वासित मोठ्या संख्येने नेदरलँड्समध्ये पोचले. त्यांना नेहमीचे सामाजिक साहाय्य न देता फक्त निवारा, अंघोळीची सोय आणि जेवण द्यायचे असे ठरले. डच लोक त्याला ‘बेड, बाथ, ब्रोट’ म्हणू लागले आणि हा शब्द आजही तिथल्या वादांत ऐकू येतो. वकिलाला एका पक्षकाराची बाजू घ्यायची सवय असते, तर न्याय खात्याच्या राज्यमंत्र्याला दारात उभ्या असलेल्या माणसाच्या विरुद्ध राज्याची बाजू घ्यावी लागते. या पदावरचा सर्वांत अवघड भाग हाच असावा, असे मला त्यांच्याविषयी वाचताना सतत वाटत राहिले.

युट्रेख्टला कायदा शिकलेल्या इव्हॉन फान रोय यांनी १९८६ नंतर दोन वेळा परराष्ट्र व्यापाराचे राज्यमंत्रिपद सांभाळले आणि नंतर टिल्बर्ग व युट्रेख्ट या दोन्ही विद्यापीठांच्या कार्यकारी मंडळांचे अध्यक्षपद भूषवले. अलीकडच्या काळात मोना काइझर यांचे उदाहरण आहे. कायद्याच्या अभ्यासातून नगरपालिकेच्या कारभारात, तिथून संसदेत आणि २०१७ मध्ये आर्थिक व्यवहार खात्याच्या राज्यमंत्रिपदावर त्या आल्या. २५ सप्टेंबर २०२१ रोजी, ज्या दिवशी उपाहारगृहांत कोरोना प्रमाणपत्र दाखवणे सक्तीचे झाले, त्याच दिवशी त्या सक्तीवर त्यांनी वृत्तपत्रातून उघड शंका घेतली आणि त्याच दिवशी पंतप्रधान रुट यांच्या शिफारशीवरून त्यांना पदमुक्त करण्यात आले. २०२३ मध्ये त्या शेतकरी-नागरिक आंदोलन या पक्षात गेल्या आणि २०२४ मध्ये गृहनिर्माण मंत्री झाल्या. त्यांच्या मताशी मी सहमत नाही. पण सरकारात बसून सरकारच्या निर्णयावर जाहीर शंका घ्यावी की नाही, हा प्रश्न ताईंच्या वाचनगटाला नक्की आवडेल, कारण युनियनच्या जुन्या ‘प्रत्येकाने आपल्या विवेकाने’ या रीतीचा सामना इथे मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीशी होतो.

आणि केर्स्टन यांच्या पक्षाचेही सांगून टाकतो, कारण ताईंची पहिली शंका तिथे अजून जिवंत आहे. त्या पक्षाने स्त्रियांना उमेदवारी नाकारणे चालूच ठेवले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला यात हस्तक्षेप करावा लागेल असा निर्णय दिला, २०१३ मध्ये पक्षाने नियम बदलला आणि २०१४ मध्ये फ्लिसिंगन या गावी त्यांची पहिली स्त्री नगरसेविका निवडून आली. काट्स यांच्यानंतर ब्याण्णव वर्षांनी.


गोदाकाठ

आता माझ्या टिपणाला आकार आला. काट्स यांची सभागृहातील भाषणे मुळातून पाहता येतील काय? मला डच येत नाही, पण माझा भाचा आइंडहोव्हनला शिकतो, तो वाचून सांगेल.


जुनेकायदे

येतील. डच संसदेचे इतिवृत्त १८१४ पासूनचे संगणकीकृत असून सर्वांना खुले आहे. भाच्याला एक गोष्ट आवर्जून सांगा, नाहीतर अर्धी भाषणे निसटतील. सुरुवातीच्या वर्षांत शोध ‘मेयुफ्राऊ काट्स’ असा घ्यायचा, म्हणजे कुमारी काट्स. विवाहानंतरच्या वर्षांत इतिवृत्तातले नाव ‘मेव्ह्राऊ मॅके-काट्स’ असे होते आणि त्यामुळे वक्त्यांच्या सूचीत त्या ‘क’च्या पानावरून ‘म’च्या पानावर जातात. दोन्ही पाने पाहायला सांगा.